बैलफुंक्याची पोर

लान्चौ शहराच्या नदीधक्क्यावर कोणी जास्त बोलायला लागला की त्याला एकच शब्द: बैलफुंक्या! तराफ्याखाली बांधायला मेंढीचं अखंड कातडं आम्ही तराफेवाले तोंडाने फुगवतो, रोजचंच काम ते. पण बैलाचं? अहो, ते फुंकून फुगतच नाही, त्यात लोकर कोंबतात. म्हणून बैल फुंकल्याच्या बाता मारणारा थापाड्या. माझ्या बाबांना, शा देलूंना, हे नाव कायमचं चिकटलं होतं, कारण ते म्हणायचे, "बैल फुंकलाय, आम्ही!" शेजारच्या तराफ्यावरचा तिएनकाका रोज विचारायचा, "काय बैलफुंके, आज हत्ती का?" त्याच्या तोंडात ओलं कातडं कोंबावंसं वाटायचं मला.

त्या वसंतात नदीखालच्या गावाहून फूकाका पुतण्यासाठी मला बघायला आले. मुलगा मला आवडला होता. बाजारात दोनदा दिसला आणि दोन्ही वेळा कमी बोलला. काका खजुरांचा चहा घेत होते, तेवढ्यात बाहेरून तिएनकाका ओरडला, "बैलफुंके, पाहुण्यांना फुंकून दाखवा की!"

फूकाकांनी वाटी खाली ठेवली. "ते बैलफुंके तुम्हीच होय? बोलाचीच कढी, बोलाचाच भात! अशा घरची मुलगी आम्हाला नको."

बाबा उठले आणि माळ्यावरचं बैलाचं कातडं काढून अंगणात पसरलं. तेल लावून लावून मऊ ठेवलेलं होतं. "फुंकतो. मग तर न्याल?"

"नेऊ," काका म्हणाले.

बासष्ट वर्षांची छाती ती! सातव्या फुंकेला बाबांचे डोळे पांढरे झाले, कातडं जमिनीला चिकटलेलंच. कुंपणाबाहेर धक्का जमून फिदीफिदी हसत होता. माझं डोकंच फिरलं.

"बाबा, आजोबांच्या वेळी बैल फुंकला तेव्हा फुंकायला किती जण होते?"

"आजोबा, आम्ही पाच भाऊ आणि तुझी आजी," बाबा धापा टाकत म्हणाले. "आम्ही म्हणजे आम्ही सगळे! तीस वर्षं तेच सांगतोय. मी एकट्याने फुंकला असं कधी म्हटलं?"

घ्या! लोक इतकी वर्षं ऐकत होते ते हाकिमाचं 'आम्ही', म्हणजे रुबाबात म्हटलेलं 'मी'. बाबा बिचारे साधं घरातलं बोलत होते.

कातड्याच्या पायाचं टोक मी बाबांच्या हातून ओढलं आणि फुंकायला लागले. दम संपला की टोक मुठीत आवळून आईकडे, आईकडून परत माझ्याकडे. पोट जरासं उचललं आणि आमचा जीव संपला. पण अर्धवट फुगलेलं कातडं तराफेवाल्याला बघवत नाही. तिएनकाकाचे ओठ शिवशिवायला लागले.

"दे इकडे! तुझ्या फुंकेत दम नाही, पोरी."

त्याच्यामागे त्याचा भाऊ आला आणि बघता बघता अख्खा धक्का रांगेला लागला. दुपारपर्यंत बैल चारी पाय आभाळाकडे करून टम्म फुगला. बाबांनी दोरी बांधली तेव्हा मला अभिमानाने रडू येत होतं.

फूकाकांनी बैलावर टिचकी मारली. "फुंकला कोणी म्हणायचा?"

"आम्ही!" छाती काढून बोलला कोण, तर तिएनकाका.

लग्नाला मी त्याच बैलावर बसून नदीने उतरले. काठावर बायका जमल्या होत्या. एकीने विचारलं, "कोणाची गं तू?"

शा घराण्याचं चांगलं नाव होतं मला सांगायला. मी लाल पदर मागे सारला आणि पलीकडच्या काठाला ऐकू जाईल एवढ्या मोठ्याने सांगितलं, "बैलफुंक्याची!"