फोन इंजिनाजवळ धरा

हर्णेच्या बंदरात कुणाच्या बोटीचं इंजिन कुरकुरलं की सुजयला फोन यायचा. सुजय रुबाबात म्हणायचा, "फोन इंजिनाजवळ धरा." मग स्पीकर लावून तो मोबाइल धाकट्या बहिणीपुढे करायचा. ऋतिका डोळे मिटून ऐकायची आणि कागदावर लिहायची, 'नोझल'. सुजय तिकडे सांगायचा, "नोझल साफ करा." दोन वर्षं हे नाटक बिनबोभाट चाललं होतं. आयटीआयला डिझेल मेकॅनिकमध्ये पहिली आली होती ती ऋतिका. दोनदा आपटला होता तो सुजय. नाव मात्र बंदरभर त्याचं.

ऋतिकाला राग यायचा, पण इंजिनाचा आवाज कानावर पडला की ती तो विसरायची. जगात एवढी एकच गोष्ट तिला आतून कळत होती. आणि नेमकी तीच सोडून तिला सोमवारी मिरजोळ्याला जायचं होतं, मामाने लावून दिलेल्या कारखान्यात खोक्यांना चिकटपट्ट्या मारायला. "पोरीच्या जातीला इंजिनात काय मिळनार हाय?" असं म्हणत आई गोदूबाईने तिची बॅग भरूनही ठेवली होती.

रविवारी सकाळी धाकू तांडेलाचा तिसऱ्यांदा फोन आला. मासेमारीची बंदी उठली, बाकीच्या बोटी पहाटेच गेल्या, आणि त्याचं इंजिन सुरू होऊन लगेच बंद पडत होतं.

"डिझेलच्या नळीत हवा धरतंय," फोन ठेवल्यावर ऋतिका म्हणाली. "त्यांनी दोनदा काढली, तरी कुठूनतरी आत शिरतेय. ती जागा फोनवर नाही दिसत."

सुजयचा चेहरा उतरला. "मी जाऊन काय करू?"

"तू फक्त बरोबर चल," म्हणत तिने पान्यांची पिशवी उचलली.

गुडघाभर पाण्यातून ती बोटीशी पोचली तेव्हा धाकूने वरून हात आडवा केला. "ए पोरी, सुजयला पाठव. माझे बोटीवर बायमानसाचा पाय लागत नाय."

"माझा कान दोन वर्षं चालला की, धाकूकाका."

धाकूला काही उमगेना. किनाऱ्यावर सुजय वाळूकडे बघत उभा होता. मग तो एकदम ओरडला, "तीच सांगायची, काका! मी नुसता बोलायचो!"

खलाशी फिदीफिदी हसले. धाकू हसला नाही. "मग तिथनंच सांग, काय करायचा ता."

"नाही सांगणार. मी वर येईन, नाहीतर बोट इथेच राहील." ती जागची हलली नाही.

धाकूने आडवा हात काढला. वर घ्यायला मात्र दिला नाही. ती आपली आपण चढली.

फिल्टरच्या बोल्टाखाली तांब्याची चिरलेली वायसर सापडली. ती बदलली, हवा काढली, आणि इंजिन सुरू झालं ते चालूच राहिलं.

"उतर आता," धाकू म्हणाला. "आनी ह्या कुनाला बोलू नको."

"सगळ्यांना सांगणार," ऋतिका म्हणाली.

सोमवारी तिने बॅगेतले कपडे काढून परत फळीवर रचले. गोदूबाई आख्ख्या आळीला ऐकू जाईल अशी बडबडत होती. तेवढ्यात फोन वाजला. सुजयने तो न उचलताच बहिणीच्या हातात दिला.

"सुजय हाय का? माझा इंजिन..."

"ऋतिका बोलतेय. इंजिन मी बघते. लागलं तर बोटीवरही मीच येणार. चालत असेल तर फोन इंजिनाजवळ धरा, नसेल तर ठेवा."

पलीकडे त्याने कुणाला तरी दबक्या आवाजात विचारलं. मग इंजिनाची धडधड ऐकू आली, आणि ऋतिकाने डोळे मिटले.