सोलोंबालाचा बुजलेला ओढा

अर्खांगेल्स्कच्या संग्रहालयात जुन्या बंदरांचे नकाशे सांधता सांधता नोन्ना गुर्येव्हनाची नजर अधू झाली होती, आणि पाठ तर केव्हाच गेली होती. त्या दिवशी टेबलावर झारच्या काळातला सोलोंबाला बेटाचा नकाशा पसरलेला होता. गोद्या, दोरखंडाचा कारखाना, आणि मधून वळत गेलेला एक निळा ओढा. तो ओढा दिसल्यापासून तिचं कामात लक्ष लागेना. तिने भावाला बोलावून घेतलं.

येफिम बुटांवरचा बर्फ झटकत आत आला. सगळं आयुष्य टगबोटीवर काढून आता तो आजोबांनी बांधलेल्या लाकडी घरात एकटाच राहत होता. ते घर खांबांवरून इतकं कललं होतं की सूप उकळायचं तर पातेल्याखाली पाचर लावावी लागे. शेजारीपाजारी कधीच दुसरीकडे राहायला गेले होते.

"आपलं घर इथे येतं," कागदाला बोट न लावता नोन्ना म्हणाली. "बरोबर ओढ्यावर. नंतर कुणीतरी लाकडाचा भुसा टाकून तो बुजवला. घर कललं म्हणून तू रस्त्यावरच्या ट्रकांच्या नावाने ओरडतोस. ट्रकांचं काही नाही रे, खाली जमीनच नाहीये."

येफिम बराच वेळ वाकून बघत राहिला. "माहीत आहे मला."

"माहीत आहे?"

"बर्फ वितळला की फळ्यांखाली पाणी ऐकू येतं. लहानपणीही यायचं. तू आपली ढाराढूर झोपलेली असायचीस."

"मग इतकी वर्षं माझं डोकं का खाल्लंस? दर रविवारी मी माझ्याकडे राहायला ये म्हणायचं आणि तू नाही म्हणायचं."

"तुझ्या एका खोलीत मी कुठे मावू? त्यात मी घोरतो. मागे आठवडाभर राहिलो, तर तुझा नवराच पळून गेला."

"तो दुसरीसाठी पळाला, येफिम. तुझं घोरणं नुसतं निमित्त." हसावंसं वाटलं, पण तेवढंही त्राण तिच्यात नव्हतं. "आणि मी आता अंथरुणाला पाठ टेकली की मेल्यासारखी पडते. घोर खुशाल."

येफिमने होकारार्थी मान हलवली.

शनिवारी दोघांनी त्याचं सामान ढकलगाडीवर लादून आणलं. घराचं दार चौकटीत बसतच नव्हतं. येफिमने ते तसंच लोटून दिलं. नोन्नाच्या इमारतीला लिफ्ट नव्हती. तिसऱ्या मजल्यावर तो गाठोडं टेकवून पायरीवर बसला.

"अजून किती?"

"दोन मजले. बस जरा," ती म्हणाली, आणि भिंतीला टेकून त्याच्या शेजारी बसली.