उकळलेल्या टाचा

पारूबाई ओट्यावर पाय पसरून वजरीने टाच घासत होती. खाली विशाखाने कागद धरला होता. त्यावर पांढरा चुरा पडत होता.

"साधूच्या पायाची धूळ लोक नेतात," शेजारची सोनाबाई पाय धुऊन आपल्या पाळीची वाट बघत होती, "तुजी पोर आमच्या टाचा नेतेय."

"नेऊ दे गं. मुंबैच्या टाचांना चुरा कुठला? चपला घालून घालून लोन्यासारख्या झाल्यात."

विशाखा हसली. पोशीर गावच्या भातखाचरांत अनवाणी राबलेल्या टाचांइतकी जाड कातडी तिच्या प्रयोगशाळेला मुंबईत मिळत नव्हती. कातडीचा वरचा थर रोज थोडा थोडा गळतो. त्याचे बंध कापणारी प्रथिनं असतात, तशीच त्यांना आवरणारीही असणार. नाहीतर माणूस केव्हाच सोलून निघाला असता. ती आवरणारी तिला हवी होती. काही वर्षं झाली, हाती काही लागत नव्हतं.

"आये, चुऱ्याची ही शेवटची डबी. जूनपासून खोपोलीच्या शाळेत शिकवायला जाईन म्हणते."

पारूबाईने वजरी खाली ठेवली. कापणीला सगळे विळे घेऊन उभे असताना लोंबीतला दाणा दाताखाली चावून "अजून हिरवं हाय, थांबा" म्हणणारी ती हीच.

"थांब की. डबी तरी सरू दे," ती म्हणाली. "सकाळी नीट भरून देते."

सकाळी विशाखा डबी घेऊन मुंबईला गेली. त्याच दुपारी पारूबाई वालाच्या शेतात बसल्या जागी गेली.

पुण्यानुमोदनाच्या दिवशी, दुखवट्याला जमलेल्या बायकांत, सोनाबाईने विचारलं, "डबी कामाला आली का गं? पारूनं पानी आटंस्तवर उकळून वाळवलेलं. म्हनली, शिकल्या लोकांत पायाची घान तशीच कशी द्यायची."

विशाखाला हसू आवरेना. बायकांना वाटलं, रडतेय. तेही होतंच.

उकळलं की प्रथिनं बिघडतात. डबी फुकट गेली होती, पण टाकवेना. सरू दे म्हणाली होती ना, म्हणून तिने अर्क काढला. त्यातली कापणारी सगळी मेली होती. मग बाटलीतलं ताजं कापणारं प्रथिन तिने त्यात घातलं, तर तेही थंड पडलं. पुन्हा घातलं, पुन्हा तेच. आवरणारं उकळीतूनही टिकलं होतं. आजवर कापणाऱ्यांच्या गर्दीत ते दिसतच नव्हतं.

शाळेला नकार कळवून ती पोशीरला आली. कोनाड्यात वजरी होती.

"मिळालं का, शोधत व्हतीस ते?" सोनाबाईने विचारलं.

"मिळालं. अजून डबीभर लागेल."

सोनाबाई कुरकुरत पाय धुवायला गेली. विशाखाने वजरी हातात घेतली.

"आये," ती मोठ्याने म्हणाली, "मला हे काम सोडायचं नव्हतंच. तू थांब म्हणावंस, एवढ्यासाठी त्या दिवशी आले होते मी."