काळी पट्टी

काळी पट्टी पाहुण्यांसमोर आणायची नाही, असा प्रयोगशाळेच्या प्रमुखांचा हुकूम होता. कारण काय, तर ती डांबर फासल्यासारखी दिसते! माझं डोकंच फिरलं.

पट्टी म्हणजे मऊ रबराचा कृत्रिम स्नायू. वीज दिली की आक्रसतो आणि मिटलेली बोटं मागे ओढतो. वीज सगळीकडे पसरायला रबरावर इलेक्ट्रोडचा थर लागतो. प्रमुखांचा थर सोन्याचा. फोटोत झळकतो, पण रबर सारखं हललं की त्याला तडे जातात आणि वीज अडते. मी कार्बनची भुकटी रबरातच कालवून थर दिला होता. दिसायला ध्यान, पण तुटत नाही. तो पुढे नेऊ द्यायचा की सोन्यालाच चिकटून राहायचं, हे आजचे पाहुणे, म्हणजे संशोधनाला पैसा पुरवणारे, ठरवणार होते.

सोन्याची पट्टी माझ्या मावशीच्या हातावर दाखवायची होती. अर्धांगाच्या झटक्यापासून तिची मूठ वळली की वळली, आपली आपण उघडत नाही.

"सर, सोनं टिकणार नाही."

"एकदा मूठ उघडली की झालं. तुम्ही गप्प बसा."

"सोन्याची सुरी आहे म्हणून उरात खुपसून घ्यायची का हो?" मावशी म्हणाली. प्रमुख नुसते हसले.

पाहुणे आले. मूठ उघडली, टाळ्या पडल्या. फोटोवाला हावरट. "आणखी एकदा, मावशी! आणखी एकदा!" करत त्याने पट्टीचा पार जीव काढला. शेवटी प्रमुखांनीच ऐटीत हात पुढे केला. मावशीची बोटं उघडली, त्यांनी हात मिळवला, आणि सोन्याने दगा दिला. मूठ गच्च मिटली. प्रमुखांचा हात आत.

"सोडा ना," ते दात दाखवत पुटपुटले.

"मी कुठे धरलाय? तुमच्या सोन्याने धरलाय."

मी खिशातून काळी पट्टी काढली.

"कॅमेरा बंद करा आधी!" प्रमुख ओरडले.

"कॅमेरा चालू राहील. तरच लावते."

मला भीती वाटत नव्हती. चीड येत होती, आणि खरं सांगायचं तर मजाही. प्रमुखांनी घाम पुसला आणि मान डोलावली. मी पट्टी बदलली, वीज सोडली. बोटं सावकाश उलगडली. प्रमुख हात चोळत मागे सरकले.

मावशी थांबायला तयार नव्हती. मूठ मिटली, उघडली, परत मिटली, परत उघडली. मग तिने तो हात सर्वांत मोठ्या पाहुण्यापुढे धरला.

"या. घाबरू नका, ही सोडते."