पुलाचा भराव

रेल्वेवरचा जुना पूल पाडून तिथं रुंद पूल होणार म्हणून शहर खूश होतं. कडुबा मात्र रोज जाऊन पुलाचा भराव बघून येत होता.

पूल बाहत्तरच्या दुष्काळातला. कडुबा आणि त्याची बायको भागूबाई, दोघंही भरावावर मुरूम टाकायला होती. तिथंच त्यांचं आठ महिन्यांचं लेकरू हगवणीनं गेलं. एवढ्या लहानग्याला जाळत नाहीत, पुरतात. आणि मातीला बायका जात नाहीत. कडुबा एकटाच गेला. भरावाजवळच्या लिंबाखाली खड्डा घ्यायला लागला, तर भुई कुदळ घेईना. शेवटी भरावाच्या मऊ मुरमात, पुलाच्या भिंतीपासून सात पावलांवर, त्यानं लेकराला ठेवलं. घरी येऊन म्हणाला, "लिंबाखाली ठिवलंय."

चौथ्या दिवशी भागूबाई कामावर आली आणि मुकादमानं तिला नेमक्या त्याच जागी टोपल्या ओतायला लावल्या. दिवसभर ती ओतत होती, कडुबा बघत होता. त्यानंतर खरं सांगायला तोंड कुठं उरलं? चव्वेचाळीस वर्षं ती दरसाल लिंबाच्या बुडाशी दूध घालत आली आणि हा भला माणूस शेजारी हात जोडून उभा!

आता पुन्हा दुष्काळ, आणि लिंब तोडायचा दिवस. भागूबाईनं हट्टच धरला, "लेकराला इथं सोडनार नाय मी. माती घिऊन आपल्या शेतात ठिवू." कामावरची इंजिनिअर तनुजा, पोरगी मायाळू, म्हणाली, "आजी, झाड तोडायचं तासभर थांबवते." भरावावर मात्र पोकलेन चालूच राहिला.

भागूबाई खुरप्यानं माती उकरू लागली. कडुबाची नजर भरावावर. भिंतीपासून पाच पावलं, सहा... लोखंडी पंजा खाली उतरला. 'थांबा' म्हणायला त्यानं तोंड उघडलं. पण थांबवलं तर का ते सांगावं लागणार, आणि त्या दिवशी तिनं कशावर टोपल्या ओतल्या ते भागूबाईला कळणार. त्यानं तोंड मिटलं. मुरूम डंपरमध्ये पडला. डंपर गारखेड्याकडं निघून गेला, कुणाच्या तरी प्लॉटमध्ये भर घालायला.

कडुबा मटकन खाली बसला आणि ओक्साबोक्शी रडू लागला. इतक्या वर्षांत तिनं त्याला असं रडताना पाहिलं नव्हतं.

पदरात बांधलेली माती उराशी धरून भागूबाई त्याच्याजवळ बसली. "रडू नका हो," ती म्हणाली. "तव्हा मला येऊ दिलं नाय. आज मीच घेतलं बघा माझं लेकरू."