खवणीवर बसून केलेली सही

मी एक जुनी खवणी आहे. तुमच्याकडे विळीच्या टोकाला असते तशी चिमूटभर नव्हे, चांगली ऐसपैस. माझ्यावर घोड्यावर बसतात तशी मांड टाकून बसावे लागते आणि पुढे आलेल्या माझ्या लोखंडी जिभेवर नारळाची कवड फिरवावी लागते. ग्वाम बेटावर, इनालाहान गावात माझा जन्म झाला. तुन कोस्मेने मला आपल्या बायकोसाठी, रुफिनासाठी घडवले. तिथे वडीलधाऱ्या पुरुषाला तुन म्हणतात आणि बाईला तान. इफितचे लाकूड इतके कठीण की कोस्मेच्या दोन तासण्या बोथट झाल्या, आणि त्या कामात तोंडातून जे शब्द निघाले ते त्याला रविवारी पाद्रीसमोर कबूल करावे लागले. माझी जीभ महायुद्धातल्या लढाईनंतर झुडपात पडून राहिलेल्या लष्करी ट्रकच्या पाट्याची आहे. तिचा एकेक दात त्याने कानसीने काढला.

मित्रांनो, मी बढाई मारत नाही, पण त्या गावात माझ्यावर खवलेल्या खोबऱ्यावाचून एकही लग्न लागले नाही. लिंबात कालवलेल्या कोंबडीवर ओले खोबरे पडले नाही तर पाहुणे तोंडावर बोलत नसत, घरी जाऊन बोलत. रुफिना मागच्या उघड्या स्वयंपाकघरात माझ्यावर बसे आणि तिचा हात चालू लागला की शेजारच्या कोंबड्यासुद्धा गोळा होत.

रुफिनाला मूल नव्हते. तिची धाकटी बहीण लोलेंग तीस पावलांवर, निरफणसाच्या झाडापलीकडे राहायची. तिचे चर्चमधले नाव डोलोरेस, पण त्या नावाने तिला फक्त सरकार हाक मारी. तिला पाच मुले होती. सहावा झाला, गोयो. त्याच्या चाळिसाव्या दिवशी ती त्याला घेऊन आली. रुफिना माझ्यावर बसली होती, हात खोबऱ्याने माखलेले.

"ताई, हा तुझा," लोलेंग म्हणाली.

"थांब, हात धुऊन येते."

"हात काय धुतेस? घे आधी. नाहीतर माझं मन फिरेल."

रुफिनाने तसाच घेतला. पोराच्या अंगाला खोबरे लागले, दोघी हसल्या, मग दोघी रडल्या. ना कोर्ट, ना कचेरी, ना कागद. बहिणीच्या ओटीत घातला, झाले. त्या बेटावर हे इतके साधे होते की कुणी त्याची बातमीसुद्धा केली नाही.

तिथे आईला नाना म्हणतात. तुम्हाला हसू येईल, कारण तुमच्याकडे नाना म्हणजे मिशा असलेले कुणीतरी. गोयो रुफिनाला नाना म्हणायला शिकला आणि लोलेंगला मावशी. लोलेंग रोज संध्याकाळी खोबरे खवायला यायची. घरी तिची स्वतःची खवणी होती, धड, चांगली. मी काही बोलत नसे, पण एका नारळाला तिला तासभर लागायचा आणि तिचे डोळे कवडीवर नसायचे. बसणाऱ्याचे वजन मला कळते. पोरगा धावत येऊन तिच्या मांडीवर आदळला की ती जड व्हायची, आणि तो 'नाना' म्हणत घरात पळाला की हलकी.

एकोणिसाव्या वर्षी गोयो अमेरिकेच्या फौजेत गेला, बेट अमेरिकेच्याच ताब्यातले. त्या गावात हे नवल नाही, घराघरात गणवेशातला एक फोटो भिंतीवर असतोच. भरतीच्या कागदाला जन्माचा दाखला जोडला होता. त्यावर आई म्हणून लिहिले होते डोलोरेस. ते कुणी वाचलेसुद्धा नाही.

तिसऱ्या वर्षी रुफिना वारली. गोयो तेव्हा समुद्रापलीकडच्या छावणीत होता. तार मिळताच तो साहेबापुढे गेला आणि रजा मागितली. कोण वारले, या रकान्यात त्याने लिहिले: आई. साहेबाने फाईल काढून पाहिले, तर आई डोलोरेस, आणि ती जिवंत! साहेबाने त्याला खोटारडा ठरवले आणि रजा नाकारली. मित्रांनो, त्या पोराने दुसरे काय लिहायचे होते? त्याला आई या शब्दाचा दुसरा अर्थच ठाऊक नव्हता.

तो न विचारता निघून आला. त्या गावात मेलेल्या माणसासाठी नऊ दिवस सगळे गाव जपमाळ म्हणते आणि पुढचे नऊ दिवस घरचे लोक. मुलाने मधूनच उठून जायचे नसते. अठरा दिवस गोयो माझ्यावर बसून येणाऱ्या-जाणाऱ्यांच्या जेवणासाठी खोबरे खवत होता. एकोणिसाव्या दिवशी तो आपल्या पायांनी परत गेला आणि हजर झाला. लष्कराने त्याला सन्मानाविना काढून टाकले. कागदावर शेरा मारला: परवानगीशिवाय गैरहजर, आईच्या मृत्यूबद्दल खोटे निवेदन.

तो घरी आला आणि भिंतीवरचा आपला फोटो त्याने स्वतः उतरवला. जुलैमध्ये बेटाच्या मुक्तिदिनी गावातले माजी सैनिक मिरवणुकीत चालत, तेव्हा तो मागे बसून खोबरे खवत असे. पाण्याचे पंप दुरुस्त करून पोट भरायचा. गावकरी वाईट नव्हते, पण जीभ कुणाच्या हातात असते?

"काय रे गोयो, रजा अजून संपली नाही वाटतं?" कुणीतरी कुंपणावरून विचारायचे.

"वाढवून घेतली," तो म्हणायचा आणि हसायचा. ते हसू मला बघवत नसे. पळपुटा म्हटलेले त्याने पचवले होते. पण नाना त्याची आई नव्हती, असे सरकारने लिहून ठेवले होते. ते काही केल्या त्याच्या घशाखाली उतरत नव्हते.

इकडे माझेही दिवस फिरले. दुकानात खवलेले खोबरे पिशवीत मिळू लागले. रुफिनाचे घर वादळात गेले तेव्हा मला लोलेंगच्या मागच्या पडवीत आणून ठेवले आणि विसरले. माझ्या दातांवर गंज चढला. एका कोंबडीने माझ्यावर अंडे घातले, तेवढाच काय तो मान मिळाला.

चौदा वर्षे गेली. शेरा बदलून मागायचा असेल तर पंधरा वर्षांच्या आत अर्ज करावा लागतो, हे गोयोला फेलिक्सने सांगितले. फेलिक्स गावातला निवृत्त सार्जंट. कागद भरण्यात असा तरबेज की त्याच्या खिशात पेन आधी आणि रुमाल नंतर. पहिला अर्ज गेला आणि चार महिन्यांत परत आला. असे शेरे तपासणाऱ्या दूरच्या लष्करी मंडळाने लिहिले होते की अर्जदाराची आई हयात आहे, सबब शेरा योग्य आहे. आता समोर बसून सुनावणीची एकच संधी उरली होती. त्यानंतर पंधरा वर्षे पुरी होत होती.

त्या दुपारी फेलिक्स आणि गोयो पडवीत आले. लोलेंगने मला ओढून बाहेर काढले आणि माझ्यावर बसली. खुर्च्या दोनच होत्या, त्या तिने पाहुण्यांना दिल्या. ती तेव्हा चौऱ्याहत्तर वर्षांची होती.

"तान लोलेंग," फेलिक्स म्हणाला, "शाळेचे कागद वादळात गेले. पाद्रीच्या वहीत आई म्हणून तुमचं नाव. आता तुमच्याशिवाय साक्ष कुणाची नाही. तुम्ही लिहून द्यायचं."

"काय लिहू? पोराला ताईनं वाढवलं. सगळ्या गावाला माहीत आहे."

"गावाला माहीत असून काय उपयोग? गाव काय सुनावणीला बसणार आहे?" त्याने कागद पुढे केला. "मी मसुदा आणलाय. वाचतो. 'मी गोयोची आई नाही. जन्मानंतर चाळिसाव्या दिवशी मी त्याला देऊन टाकले. त्यानंतर आई म्हणून माझा त्याच्याशी कोणताही संबंध राहिला नाही. त्याची आई माझी बहीण रुफिना होती.'"

माझ्यावरचे वजन एकदम वाढले.

"'वाढवलं नाही' असं लिही ना," लोलेंग हळूच म्हणाली. "'आई नाही' कशाला?"

"तान, तिकडच्या लोकांना एकच आई कळते. दोन लिहिल्या की फाईल परत."

"आणि देऊन टाकलं काय? भांडं होतं का ते? पलीकडे दिलं. तीस पावलांवर."

"पावलांना रकाना नाही त्यात."

गोयो मधे बोलला. त्याच्यावर मी आजही थोडी रागावलेली आहे, आणि तरी रागावता येत नाही. चौदा वर्षे छातीवर दगड घेऊन जगलेल्या माणसाला दुसऱ्याचा चेहरा दिसत नाही.

"मावशी, नुसती सहीच तर आहे," तो म्हणाला. "नानाचं नाव एकदा कागदावर येऊ दे. मग मला काही नको."

"ठेवून जा," ती म्हणाली. "चष्मा सापडला की करते."

चष्मा तिच्या गळ्यात होता.

तीन दिवस तो कागद साखरेच्या डब्याखाली राहिला. तीनही दिवस लोलेंग नारळ फोडून खवत बसली. कुणाला नको होते इतके खोबरे. कोंबड्यांनी खाल्ले, डुकरांनी खाल्ले, सून म्हणाली, "आई, कुणाचं लग्न काढलंत का?" लोलेंगने पुढचा नारळ फोडला. तिसऱ्या दिवशी माझ्या गंजलेल्या दातांनी तिच्या बोटाचे साल काढले. मित्रांनो, तिचे रक्त काढायची पाळी माझ्यावर आली, याचे दुःख मला अजून आहे. तिने बोट तोंडात धरले, दुसऱ्या हाताने कागद घेतला, मांडीवर ठेवला आणि माझ्यावर बसल्या बसल्या सही केली. डोलोरेस. सरकार जे नाव ओळखत होते ते.

सुनावणी झाली आणि आठ महिन्यांनी पाकीट आले. शेरा बदलला होता. सन्मानाने सेवामुक्त! फेलिक्सने रस्त्यातूनच ओरडून सांगितले, आणि तासाभरात पडवी माणसांनी भरली. कुणी लाल भात आणला, कुणी कोंबडी. लोलेंग माझ्यावर बसून खोबरे खवत होती. कुणीतरी गोयोच्या पाठीत थाप मारून म्हणाले, "संपली बाबा एकदाची तुझी रजा!" त्यावर तो पहिल्यांदा मोकळा हसला.

"वाच, वाच, मोठ्याने वाच," सगळे म्हणाले.

गोयो खुर्चीवर चढला आणि वाचू लागला. "अर्जदाराची जन्मदात्री डोलोरेस हिने शपथेवर दिलेल्या निवेदनानुसार, तिने अर्जदारास देऊन टाकले व त्यानंतर ती त्याची आई राहिली नाही. अर्जदाराची आई रुफिना हीच होय. सबब अर्जदाराचे निवेदन खोटे नव्हते."

टाळ्या पडल्या. लोलेंगनेही वाजवल्या, हातातली कवड मांडीवर ठेवून. तिच्या इतर मुलांनी एकमेकांकडे पाहिले आणि जेवायला वाढायची घाई केली. टाळ्या थांबल्यावर ती पुन्हा खवू लागली. कवडीत आता काहीच उरले नव्हते, करवंटी नुसती माझ्या दातांवर घासत होती. तो आवाज गर्दीत कुणाला ऐकू आला नाही.

गोयो कागद घेऊन रुफिनाच्या थडग्यावर गेला. परत आला तेव्हा पाहुणे पांगले होते, सुना भांडी घासत होत्या. लोलेंग तशीच माझ्यावर बसून होती. त्याला वाटेत काय सुचले कोण जाणे. नानाच्या दगडासमोर तोच कागद पुन्हा वाचताना शब्द त्याच्याच कानांवर नीट पडले असावेत. तो तिच्यासमोर उकिडवा बसला. तिथे लहानांनी मोठ्यांचा हात घेऊन नाकाला लावायचा असतो. त्याने तिचा हात घेतला, नाकाला लावला आणि सोडला नाही. ते बोट बरे झाले होते, पण खूण होती.

"'आई राहिली नाही' या ओळीखाली तू सही केलीस," तो म्हणाला. "मी तुला करायला लावली."

"झालं ना काम? मग."

त्याचे तोंड उघडले. "ना..." एवढेच निघाले, आणि तिने झटकन दुसरा हात त्याच्या ओठांवर ठेवला.

"म्हणू नकोस," ती म्हणाली. "मी शपथेवर लिहून दिलंय. कुणी ऐकलं तर पुन्हा तुला खोटारडा म्हणतील."

"इथं कोण आहे ऐकायला?"

"मी आहे ना. एकदा ऐकलं की मला रोज ऐकावंसं वाटेल. नको, गोयो."

तो पस्तिशी ओलांडलेला माणूस तिच्या गुडघ्यावर डोके ठेवून रडला. दोघांचा भार माझ्यावर आला. मी इफितची आहे, मोडले नाही, पण त्या दिवशी मोडले असते तर बरे झाले असते, असे मला वाटले. मग त्याने डोळे पुसले.

"बरं, मावशी," तो म्हणाला.

पुढच्या जुलैत तो मिरवणुकीत चालला. त्याचा फोटो पुन्हा भिंतीवर लागला. त्यानंतर दोन वर्षांनी लोलेंग गेली. नऊ दिवस आणि पुन्हा नऊ दिवस गोयो माझ्यावरून उठला नाही. मृत्यूच्या कागदावर अपत्यांच्या रकान्यात मात्र पाचच नावे आली.

मित्रांनो, आता मला तेल लावा, माझा गंज काढा, असे मी म्हणणार नाही. माझ्या दातांना कानस कधीही लावता येईल. पण तुमच्याही घरी रोज संध्याकाळी काहीतरी निमित्त काढून येणारी एखादी मावशी, काकू, आत्या असेल. ती तुम्हाला पोरा म्हणते, तुम्ही तिला तेच म्हणता जे तुम्हाला लहानपणी शिकवले. कोणताही कागद मधे यायच्या आधी तिच्याजवळ बसा आणि तिला विचारा, तुला काय म्हटलेले आवडेल. लोलेंगला ते कुणीच विचारले नाही.