पाच ठिपके

नमुन्याच्या डबीवर नाव नसतं, नुसता आकडा असतो. त्यामुळे चारशे बारा नंबरची डबी आमच्या मास्तरांची आहे हे मला फार उशिरा कळलं, तेही त्यांची मुलगी तपासणीच्या खोलीच्या खिडकीशी येऊन उभी राहिली तेव्हा. जुलाब, रक्त, ताप. माझ्या सहीच्या रिपोर्टात औषध लागू पडेल असं लिहिलं होतं. त्या भरवशावर तीन दिवस औषध चाललं होतं आणि मास्तर खंगतच चालले होते.

मास्तर म्हणजे या खोलीचे पहिले प्रमुख. बाविसाव्या वर्षी मी इथे आले ती नवी पदवी आणि डोक्यात हवा घेऊन. आठवड्याच्या आत त्यांनी माझं नाव 'घाईताई' ठेवलं, ते कायमचं चिकटलं. काय दिवस होते ते! जंतू ज्यावर वाढतात तो प्लेटमधला थर ते स्वतः शिजवायचे, खोलीभर खळीसारखा वास. तीनला चहा, आणि चहाआधी सगळ्यांचे हात कोपरापर्यंत धुतलेले. अजूनही तीन वाजले की मी उगाच नळाकडे बघते.

प्लेटवर जंतू उगवले की ठिपके दिसतात. त्यातला एक तारेने उचलायचा, नव्या प्लेटवर पसरायचा, वर औषधांच्या कागदी टिकल्या ठेवायच्या. दुसऱ्या दिवशी टिकलीभोवती स्वच्छ कडं पडलं तर औषध चालतं. जंतू टिकलीला खेटून वाढले तर ते त्या औषधाला भीक घालत नाहीत. एका ठिपक्यावर जगाचं भागायचं, मास्तर मात्र पाच उचलायला लावत. सख्खी भावंडं तरी कुठे सारखी निघतात, असं त्यांचं म्हणणं. दिसायला सगळे एका माळेचे मणी, पण एखाद्याने अंगात असं काही दडवलेलं असतं की औषधाची मात्राच चालत नाही. आणि मग ठरलेलं वाक्य: "एका ठिपक्यावर विसंबू नका, कुटुंब हातचं जातं."

या वाक्यावर आम्ही मुली फिदीफिदी हसायचो. जंतूंना म्हणे कुटुंब! चहाच्या वेळी कोणीतरी म्हणायचंच, मास्तरांचं कुटुंब इनक्युबेटरमध्ये ऊब घेतंय. मास्तर चहा ढवळत राहायचे. त्यांची बायको मुलगी लहान असतानाच गेली, एवढंच आम्हांला ठाऊक होतं. जास्त कधी कोणी विचारलं नाही.

ते निवृत्त झाले. नमुने दुप्पट झाले, माणसं निम्मी. पाचाचे तीन झाले, तिनाचा एक. कोणी विचारत नव्हतं, मीही स्वतःला विचारलं नाही.

वॉर्डात गेले तर मास्तरांना झाकून पांघरूण उरलं होतं. मला ओळखायला त्यांना क्षणही लागला नाही. तब्येतीचं काही बोललेच नाहीत.

"किती ठिपके उचललेस, घाईताई?"

"पाच," मी म्हणाले.

त्यांनी मान हलवली आणि डोळे मिटले. मी जिना उतरून थेट तपासणीच्या खोलीत आले.

त्यांची जुनी प्लेट फ्रिजमध्ये होती. यावेळी घाई केली नाही. पाच ठिपके उचलले, पाच प्लेटा लावल्या. दुसऱ्या दिवशी झाकणं उघडली. तिघांभोवती सुरेख कडं होतं आणि दोघं टिकलीला खेटून मजेत वाढले होते. औषधाने तिघांना मारून या दोघांना रान मोकळं करून दिलं होतं. पाचांनाही मारणारी टिकली एकच निघाली. मी तिथूनच वॉर्डातल्या डॉक्टरांना फोन केला, नवा रिपोर्ट हातोहात नेऊन दिला, चूक माझी हेही सांगितलं.

नव्या औषधाच्या तिसऱ्या दिवशी ताप उतरला. मास्तर उशीला टेकून बसले होते. मी खोटं बोलले होते, एकच उचलला होता, असं त्यांना सांगताना मला रडू आलं. ते रागावतील असं वाटलं होतं. रागावले असते तर बरं झालं असतं.

"लाल शाईने लिहून ठेव," ते म्हणाले. "पहिल्या वहीत. माझ्या ओळीखाली."

चूक लाल शाईने लिहायची, खोडायची नाही, हा त्यांचाच नियम. पण मास्तरांची चूक मी तरी कधी पाहिली नव्हती. पहिली वही कपाटाच्या तळाशी सापडली, माझ्या येण्याच्या कितीतरी आधीची. चौथ्या पानावर त्यांच्या कोरीव अक्षरात एकच लाल ओळ होती.

'रुग्ण: कुटुंब, वय अठ्ठावीस. एकच ठिपका उचलला.'

बायकोला कुटुंब म्हणायची त्यांच्या पिढीची रीत. इतकी वर्षं मी ते जंतूंचं समजत होते, आणि चहा पिताना हसत होते.

रुग्णाचं पुढे काय झालं ते लिहायचा शेऱ्याचा रकाना त्यांनी कोरा ठेवला होता. बराच वेळ मी तिथे बोट ठेवून बसले. मग लाल पेन घेतलं आणि खाली लिहिलं: 'रुग्ण: मास्तर. एकच ठिपका उचलला.' माझ्या रकान्यात मात्र शेरा लिहिता आला: 'उद्या घरी सोडणार.'